काकवी नेमकी कुठे अडते? एका गुऱ्हाळातील पाईपलाईनचा प्रकरण अभ्यास

निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाजवळ असलेल्या एका गुऱ्हाळातील काकवीच्या लाईनीचे हे प्रकरण आहे. गुऱ्हाळ जुने आहे. पूर्वी तेथे फक्त गुळाच्या ढेपा निघत आणि त्या कोल्हापूरच्या बाजारात जात. अलीकडच्या हंगामांत मालकांनी काकवी बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली, बेळगाव आणि गोव्याकडून मागणी येऊ लागली, आणि त्याबरोबर पूर्वी कधी न भेडसावलेली एक अडचण उभी राहिली. थंडीच्या दिवसांत सकाळी टाकीतून भरणीच्या खोलीपर्यंत काकवी येता येत नाही, आणि दुपारी तीच काकवी त्याच पाईपातून बऱ्यापैकी येते.

मांडणी साधी आहे. चुलवाणावरच्या काहिलीत रस आटत असताना गुळव्या पाकाचा अंदाज घेतो. गुळासाठी पाक ११८ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावा लागतो, तर काकवीसाठी त्याच्या बऱ्याच आधी, १०५-१०६ अंशांच्या सुमारास, काहील उतरवतात. गरम असतानाच काकवी कापडातून गाळून चौथऱ्यावरच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीत सोडली जाते. टाकी भरलेली असताना काकवीची पातळी भरणीच्या तोटीपासून दोन मीटर उंच असते. टाकीपासून तोटीपर्यंत १२ मीटर लांबीचा, २५ मिमी आतल्या व्यासाचा पाईप आहे, त्यात तीन एल्बो, म्हणजे वळणाचे जोड, आहेत, आणि टोकाला १२ मिमी तोंडाची, दहा सेंटिमीटर लांबीची तोटी आहे. पंप नाही; जे काही वाहते ते उंचीच्या जोरावर. भरणी सकाळीच होते, कारण दुपारनंतर गुऱ्हाळावरची सगळी माणसे पुढच्या काहिलीच्या मागे असतात.

जानेवारीत सकाळी टाकीतल्या काकवीचे तापमान १७ अंश होते आणि एक लिटरची बाटली भरायला ९५ सेकंद लागत होते. दुपारी तापमान २७ अंशांवर गेल्यावर तीच बाटली ४० सेकंदांत भरत होती. गुळव्याचे म्हणणे एका वाक्यात होते : "थंडीत काकवी आखडती, तिला काय करणार?" मालकांना मात्र ते पटत नव्हते, आणि त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

हा अनुभव नदीवरच्या लाईनीचा. त्यांच्या शेताला वेदगंगेचे पाणी आणणारा ७५ मिमी व्यासाचा लोखंडी पाईप वर्षानुवर्षांच्या गंजाने आतून खरबरीत झाला होता. तो काढून त्याच मापाचा पीव्हीसी पाईप टाकल्यावर, मोटार तीच असूनही, पाणी डोळ्यांत भरण्याइतके वाढले. त्यामुळे काकवीची लाईन अडल्यावर त्यांनी तोच उपाय केला. जुना जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचा, पाईप काढला आणि त्याच व्यासाचा, आतून पॉलिश केलेला स्टेनलेस स्टीलचा पाईप बसवून घेतला. खर्च भरपूर झाला. बाटली भरायला लागणारा वेळ मात्र ९५ सेकंदांवरून हललाच नाही. "नदीची लाईन बदलली तवा पाणी कसं धो धो आलं, मग हितंच घोडं का अडलं?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि या सगळ्या प्रकरणाचा गाभा या एका प्रश्नात आहे.

एकच उपाय, दोन निकाल

पाईपातून द्रव दोन अगदी वेगळ्या रीतींनी वाहू शकतो. स्तरीय प्रवाहात द्रवाचे थर एकमेकांवरून शांतपणे सरकतात. भिंतीला टेकलेला थर जागचा हलत नाही, मधला सर्वांत वेगाने जातो, आणि एका थरातला द्रव दुसऱ्या थरात मिसळत नाही. संक्षुब्ध प्रवाहात द्रव सरासरीने पुढे जात असला तरी त्यात सतत लहानमोठे भोवरे उठतात, ते मधल्या वेगवान द्रवाला भिंतीकडे आणि भिंतीजवळच्या संथ द्रवाला मध्यभागी फेकत राहतात. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथे काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हा फरक दाखवला. वेग कमी असताना रंगाची रेघ नळीच्या टोकापर्यंत सरळ राहत असे, आणि वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती अचानक विस्कटून सगळ्या पाण्यात पसरत असे.

ही मर्यादा केवळ वेगावर ठरत नाही. द्रवाची घनता, सरासरी वेग आणि पाईपचा व्यास यांचा गुणाकार करून त्याला द्रवाच्या श्यानतेने, म्हणजे चिकटपणाने, भागले की जो एककरहित आकडा येतो तो रेनॉल्ड्स अंक. गोल पाईपात हा अंक साधारण २,००० ते २,३०० च्या खाली असेल तर प्रवाह स्तरीय राहतो; ४,००० च्या वर तो व्यवहारात संक्षुब्धच असतो; मधल्या पट्ट्यात कधी हा तर कधी तो. नळीचे तोंड निमुळते आणि पाणी अगदी स्थिर ठेवून स्वतः रेनॉल्ड्स यांनी बारा-तेरा हजारांपर्यंतही स्तरीय प्रवाह टिकवला होता, पण गुऱ्हाळात किंवा नदीकाठच्या मोटारीच्या खोलीत तशी शांतता कोणाच्या वाट्याला येत नाही.

आता नदीच्या लाईनीचा अंक पाहू. ७५ मिमी पाईपातून सेकंदाला पाच लिटर पाणी जाते असे धरले तर सरासरी वेग सेकंदाला १.१३ मीटर येतो आणि २५ अंश तापमानाच्या पाण्यासाठी रेनॉल्ड्स अंक सुमारे ९५,००० भरतो. प्रवाह पूर्ण संक्षुब्ध आहे. अशा प्रवाहातही भिंतीला लागून एक अतिशय पातळ थर असा असतो की ज्यात श्यानतेचेच राज्य चालते आणि भोवऱ्यांना शिरकाव नसतो. गुळगुळीत पाईपात या लाईनीसाठी त्या थराची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी निघते. गंजाचे दीड मिमीचे उंचवटे या थरातून कितीतरी वर डोके काढतात, भोवऱ्यांच्या आड येतात आणि पाण्याची ऊर्जा खातात. घर्षणाचा गुणांक काढला तर गुळगुळीत पीव्हीसीसाठी तो सुमारे ०.०१८ आणि तसल्या गंजक्या पाईपासाठी ०.०४९ येतो, म्हणजे अडीच पटींहून अधिक. घर्षणात जाणारी उंची तेवढीच राहिली तर केवळ पाईप बदलल्याने पाणी सुमारे १.६५ पट होऊ शकते. मालकांना जे दिसले ते खरे होते आणि त्याचे कारणही त्यांनी बरोबर ओळखले होते.

काकवीच्या लाईनीत मात्र एका लिटरला ९५ सेकंद म्हणजे सरासरी वेग सेकंदाला जेमतेम २१ मिमी. काकवीची घनता पाण्याच्या सुमारे १.३५ पट आणि श्यानता, पुढे दिलेल्या हिशेबाप्रमाणे, १.७ पास्कल-सेकंदाच्या आसपास, म्हणजे त्याच तापमानाच्या पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक. रेनॉल्ड्स अंक येतो ०.४. दोन हजारांच्या मर्यादेपासून हा प्रवाह इतका दूर आहे की त्यात भोवरा उठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भिंतीवरचे उंचवटे जागच्या जागी असलेल्या काकवीत बुडालेले राहतात, आणि प्रतिकार जो होतो तो काकवीच्या एका थराने दुसऱ्या थराला धरून ठेवण्यामुळे. भिंत पॉलिश केल्याने त्या धरून ठेवण्यात काही फरक पडत नाही.

याचा नामांकित पुरावा योहान निकुरात्से यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. त्यांनी पाईपांच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या जाडीचे वाळूचे कण चिकटवून प्रतिकार मोजला. संक्षुब्ध पट्ट्यात प्रत्येक जाडीची रेषा वेगळी निघाली, पण स्तरीय पट्ट्यात गुळगुळीत आणि खरबरीत सगळे पाईप एकाच रेषेवर आले. त्यांतल्या सर्वांत खरबरीत पाईपात कणाची जाडी व्यासाच्या तिसाव्या भागाइतकी होती. आपल्या २५ मिमी पाईपात तेवढा खरबरीतपणा यायला ०.८ मिमीचे उंचवटे लागतील, आणि जुन्या जीआय पाईपात तेवढेही नव्हते. पाईप बदलण्याआधी ही एक गोष्ट कोणी सांगितली असती तर पॉलिशचा खर्च वाचला असता. पण पाईप विकणारा गुळगुळीतपणाच विकत असतो, आणि गिऱ्हाइकाचा अनुभवही त्याच्याच बाजूने बोलत असतो.

टाकीजवळ केलेल्या दोन तपासण्या

प्रवाह स्तरीय आहे हे केवळ गणितावर सोडण्याची गरज नव्हती. बाटली, घड्याळ आणि थर्मामीटर एवढ्या साहित्यावर ते दोन रीतींनी पडताळून पाहता येते, आणि अशी तपासणी कोणत्याही गुऱ्हाळात करण्यासारखी असल्याने ती येथे थोडी विस्ताराने देत आहे.

पहिली तपासणी तापमानाची. सकाळी ९५ सेकंद आणि दुपारी ४० सेकंद, म्हणजे दहा अंशांच्या फरकाने प्रवाह जवळजवळ २.४ पट झाला. स्तरीय प्रवाहात, दाब तोच असेल तर, प्रवाह श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, तेव्हा श्यानता २.४ पटीने उतरली असा त्याचा सरळ अर्थ होतो. साखरेच्या दाट पाकात दहा अंशांना एवढी उतार ही नेहमीची गोष्ट आहे. प्रवाह संक्षुब्ध असता तर श्यानतेचा प्रभाव फार क्षीण पडला असता आणि एवढ्याच उतारामुळे प्रवाह दहा-पंधरा टक्क्यांहून फारसा वाढला नसता. नदीच्या लाईनीला थंडीची सकाळ आणि उन्हाची दुपार यांतला फरक जाणवत नाही, त्याचे हेच कारण आहे.

दुसरी तपासणी उंचीची. दुसऱ्या दिवशी सकाळी काकवी तेवढ्याच तापमानाला असताना टाकी मुद्दाम अर्धवट भरलेली ठेवली, म्हणजे तोटीपासून पातळीची उंची दोन मीटरऐवजी सव्वा मीटर राहिली. उंची १.६ पटीने कमी झाली होती. स्तरीय प्रवाहात दाब आणि प्रवाह सरळ प्रमाणात असल्याने वेळही १.६ पट, म्हणजे सुमारे १५२ सेकंद, लागायला हवा होता. संक्षुब्ध प्रवाहात दाब प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो १२० ते १२५ सेकंद आला असता. घड्याळाने दीडशेच्या आसपासचा आकडा दाखवला. या तपासणीतून आणखी एक गोष्ट हाती आली. काकवीत साखरेचे खडे धरले असते किंवा गाळ फार असता तर दाब आणि प्रवाह यांचे असे सरळ प्रमाण टिकले नसते. तेव्हा निदान या टाकीतल्या काकवीला पाण्यासारखाच, फक्त फार दाट, असा साधा द्रव मानायला हरकत नव्हती.

एवढे ठरल्यावर पाईप स्वतःच श्यानता मोजण्याचे साधन बनतो. गोटहिल्फ हागेन या प्रशियन अभियंत्याने १८३९ मध्ये आणि केशवाहिन्यांतील रक्तप्रवाहाचा विचार करणाऱ्या ज्याँ पोआझय या फ्रेंच वैद्याने स्वतंत्रपणे, १८४० च्या दशकात, बारीक नळ्यांवर प्रयोग करून जो नियम दिला तो असा : स्तरीय प्रवाहात मिळणारा प्रवाह हा दाबाच्या आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर श्यानतेच्या आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. दोन मीटर काकवीचा दाब सुमारे २६,५०० पास्कल भरतो. लांबी धरताना तोटी वेगळी मोजावी लागते, कारण चौथ्या घातामुळे १२ मिमी तोंडाची दहा सेंटिमीटर तोटी २५ मिमी पाईपाच्या १.९ मीटर लांबीइतका प्रतिकार करते. एल्बोंचे तसे नाही. इतक्या संथ प्रवाहात प्रत्येक एल्बो साधारण फूटभर जास्तीच्या पाईपासारखा वागतो आणि तीन एल्बो मिळून मीटरभरही होत नाहीत, म्हणून ते सोडून दिले. १३.९ मीटर लांबी धरून श्यानता १.७ पास्कल-सेकंद येते.

हा आकडा बरोबर दिसतो का, हे साखरेच्या शुद्ध द्रावणांच्या तक्त्यांवरून ताडून पाहता येते. २० अंशांना ६० टक्के साखरेच्या द्रावणाची श्यानता सुमारे ०.०६ आणि ७० टक्क्यांच्या द्रावणाची सुमारे ०.४८ पास्कल-सेकंद असते, आणि ७५ टक्क्यांवर ती याच्याही चार-पाच पट होते. काकवी म्हणजे शुद्ध साखर नव्हे. तरी १७ अंशांना १.७ हा आकडा सत्तरीच्या वर ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेची टक्केवारी, असलेल्या घट्ट काकवीला शोभण्यासारखाच आहे. शिवाय या तक्त्यातून एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे काहील उतरवायला दोन-तीन अंशांचा उशीर झाला तरी भरणीच्या वेळेवर त्याचा किती मोठा परिणाम होतो ही. गुळव्याच्या हातचा तो फरक पाईपला फार जड जातो.

चार पर्याय

पहिला पर्याय काकवी थोडी पातळ ठेवण्याचा. दोन-चार ब्रिक्स कमी केले की श्यानता झपाट्याने उतरते आणि पाईप बदलावाच लागत नाही. परंतु पातळ काकवी टिकत नाही, आंबते, आणि बाटली गोव्याला पोहोचेपर्यंत तिचे झाकण उडण्याची वेळ येते. ज्या मालाला घट्टपणामुळेच गिऱ्हाईक आहे त्याचा घट्टपणा पाईपच्या सोयीसाठी घालवायचा, हे मालकांनी ऐकूनच घेतले नाही, आणि ते योग्यच होते.

दुसरा पर्याय पंपाचा. मालकांकडे पाण्याचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक पडून होता. असा पंप फिरणाऱ्या चाकाने द्रवाला वेग देऊन दाब निर्माण करतो. एवढ्या घट्ट काकवीत त्या चाकाची बहुतेक शक्ती काकवी घुसळण्यातच जाते, मोटार तापते आणि दाब हाती लागत नाही. दातेरी चाकांचा गिअर पंप चालला असता. जुन्याच पाईपातून बाटली बारा सेकंदांत भरायची तर दाब सुमारे आठपट, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या आसपास लागला असता, आणि तेवढा दाब गिअर पंपाला काहीच नाही. पण त्याची किंमत, रोजची खोलून धुलाई आणि वीज नसताना भरणी बंद, हे सगळे पाहता उतारावर चालणारी लाईन सोडण्याचे कारण दिसले नाही.

तिसरा पर्याय काकवी कोमट करण्याचा, आणि हा सर्वांत मोहात पाडणारा होता, कारण चुलवाणाच्या धुराड्यातून उष्णता फुकट जातच असते. ७० टक्के द्रावण २० अंशांवरून ४० अंशांवर नेले तर श्यानता साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. अडचण अशी की केवळ टाकी कोमट करून भागत नाही. जुन्या पाईपात जवळजवळ सहा लिटर काकवी मावते. सकाळच्या गतीने ती टाकीपासून तोटीपर्यंत पोहोचायला सरासरी नऊ-साडेनऊ मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात ती थंड पाईपात पुन्हा निवते. स्तरीय प्रवाहात मधला वेग सरासरीच्या दुप्पट असला तरी भिंतीजवळची काकवी कितीतरी अधिक वेळ रेंगाळते. नेमकी तीच गार होऊन आणखी घट्ट होते आणि वाट अरुंद करते. भोवरे नसल्यामुळे मधली कोमट काकवी भिंतीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून तापवायचे तर पाईपावरही उष्णतारोधक आवरण घालावे लागले असते, आणि रोज सकाळी कोणी तरी तापमानावर नजर ठेवावी लागली असती. काकवी जास्त तापली तर रंग काळवंडतो तो वेगळाच.

चौथा पर्याय व्यासाचा. चौथ्या घाताचा नियम येथे मालकाच्या बाजूने उभा राहतो. व्यास २५ मिमीवरून ३२ मिमी केला तर प्रवाह २.७ पट आणि ४० मिमी केला तर ६.५ पट होतो. नदीच्या लाईनीत व्यास एवढाच वाढवला असता तर पाणी सव्वातीन-साडेतीन पटीच्या आसपास वाढले असते. घट्ट द्रवाला रुंद पाईपाचा लाभ पाण्याहून अधिक होतो तो असा. याच पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत मळीचे पाईप रसाच्या मानाने जाड का ठेवलेले असतात, ते कारखान्यातल्या फिटरला विचारले तर तो पाईप दाखवून सांगेल. गुऱ्हाळात मात्र रसाची लाईन पाहूनच काकवीची लाईन टाकली जाते. या गुऱ्हाळात टाकीतून काहिलीकडे रस नेणाऱ्या ४० मिमी पाईपात, सेकंदाला एक लिटर रस धरला तर, रेनॉल्ड्स अंक साडेसतरा हजारांच्या घरात जातो. एकाच छपराखाली संक्षुब्ध आणि स्तरीय अशा दोन्ही लाईनी आहेत, आणि जी जात मुळात पातळ तिलाच जाड पाईप मिळालेला आहे.

पाईप बदलला, तोटी राहिली

४० मिमीचा पाईप टाकायचे ठरले. बेळगावच्या उद्यमबागेतून तो तयार करून आणला गेला आणि तोटीही मोठी घ्यावी असे हिशेबात लिहिलेले होते. पण भरणीच्या स्टँडला बसवलेली जुनी तोटी चांगली नवी होती, तिचा झटपट बंद होणारा वॉल (व्हॉल्व्ह) बायकांच्या हाताला सरावाचा होता, आणि दहा सेंटिमीटरच्या तुकड्याने असे काय बिघडणार, या विचाराने मालकांनी ती तशीच ठेवली.

पहिल्या सकाळी बाटली २५ सेकंदांत भरली. ९५ वरून २५ ही मोठी सुधारणा होती आणि सगळे खूश होते, पण हिशेबाने वेळ १३ सेकंदांच्या आसपास यायला हवा होता. फरक तोटीचाच होता. २५ मिमी पाईपाच्या तुलनेत जी तोटी १.९ मीटर लांबीइतकी होती, तीच ४० मिमी पाईपाच्या तुलनेत १२.३ मीटर लांबीइतकी झाली होती. तोटीत काहीच बदलले नव्हते. भोवतालचा पाईप रुंद झाल्यामुळे एकूण अडथळ्यातला तिचा वाटा सातव्या हिश्श्यावरून निम्म्यावर आला होता. दहा सेंटिमीटरची तोटी आणि बारा मीटरचा पाईप आता बरोबरीने काकवी अडवत होते.

तोटी २५ मिमी तोंडाची केल्यावर बाटलीला १३-१४ सेकंद लागू लागले. पुढे मागणी वाढली तरी पाईप याहून जाड करण्यात अर्थ नाही, कारण भरणारी बाई बाटली लावते, काढते आणि झाकण फिरवते त्याला लागणारा वेळच आता भरण्याच्या वेळेहून जास्त आहे.

मग स्टीलच का?

नवा पाईप घेताना मालकांनी एक अगदी रास्त प्रश्न विचारला होता. गुळगुळीतपणाने काकवीला काही फरक पडत नसेल, तर ४० मिमीचा पाईप स्टेनलेस स्टीलचा तरी कशाला, साधा जीआय का चालणार नाही? खाण्याच्या वस्तूला गंजणारा पाईप नको हे उत्तर पुरेसे आहेच. पण प्रवाहाच्या बाजूनेही एक उत्तर आहे, आणि ते दिवसाच्या शेवटी लागू होते.

भरणी संपल्यावर लाईन गरम पाण्याने धुतात. त्याच पाईपातून, त्याच उंचीवरून, तोटी काढून ६० अंशांचे पाणी सोडले की वेग सेकंदाला पावणेदोन मीटरच्या आसपास पोहोचतो आणि रेनॉल्ड्स अंक दीड लाखाच्या घरात जातो. सकाळी ज्या पाईपात हा अंक पाचाच्याही खाली असतो त्याच पाईपात संध्याकाळी जोरदार संक्षुब्ध प्रवाह असतो. दुग्धव्यवसायात पाईप न उघडता धुताना पाण्याचा वेग किमान दीड मीटर असावा असा संकेत आहे, तोही याच कारणासाठी : भोवरे भिंतीपर्यंत पोहोचले पाहिजेत. गंजाच्या खड्ड्यांत बसलेली काकवी मात्र त्या भोवऱ्यांच्याही हाती लागत नाही आणि तिथेच आंबू लागते. काकवी वाहताना पॉलिशचा उपयोग शून्य; पाईप धुताना त्याच पॉलिशचे पैसे वसूल होतात.

धुण्याची रीत मात्र बदलावी लागली. रुंद पाईपात आता पंधरा लिटर काकवी मावते, आणि तिच्यामागून लगेच पाणी सोडले तर पातळ पाणी घट्ट काकवीच्या मधूनच वाट काढते व भिंतीला जाड थर शिल्लक ठेवते. तोटीतून पाणी स्वच्छ येऊ लागले तरी पाईप आतून स्वच्छ झालेला नसतो. त्यामुळे पाईपला टाकीपासून तोटीकडे सलग उतार देऊन घेतला, दुपारच्या उन्हात लाईन निथळू द्यायची आणि निथळलेली काकवी डब्यात धरायची असे ठरले. त्यानंतर थोडे गरम पाणी भरून, वॉल बंद करून ते काही वेळ पाईपातच मुरू देतात, आणि मगच टाकीत दोनशे लिटर पाणी घेऊन वॉल एकदम पूर्ण उघडतात. मुरवलेले पहिले गोड पाणी गाळून त्याच दिवशी रसाच्या टाकीत घालतात आणि ते पुढच्या काहिलीत आटून जाते. पॉलिश केलेला जुना २५ मिमीचा स्टीलचा पाईपही वाया गेला नाही. धुण्याचे गरम पाणी चुलवाणाकडून टाकीपर्यंत आता त्यातूनच येते.